बुडबुड्यांची सोनोग्राफी आधी उंदरावर का?

गगनबावड्यापासून कोल्हापूरपर्यंत सोनोग्राफी आता कुणाला नवी नाही. तिच्यात गाठ दिसते. पण ती कॅन्सरची आहे का, हे अनेकदा नक्की कळत नाही. मग सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. इथे सूक्ष्म बुडबुडे मदत करतील, अशी संशोधकांना आशा आहे.

हे बुडबुडे काय करतात?

वायू भरलेले, पातळ कवचाचे हे बुडबुडे साधारण तांबड्या रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान असतात. शिरेतून दिल्यावर ते रक्तवाहिन्यांतच राहतात आणि ध्वनिलहरी जोरात परतवतात. कवचावर खास रेणू लावला, की ते गाठीतील नव्या रक्तवाहिन्यांवरच्या 'व्हीईजीएफआर-२' या प्रथिनाला चिकटतात.

मग प्राणी कशाला?

पडद्यावर चमकलेल्या जागी ते प्रथिन खरेच होते का, हे उंदराची गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पडताळता येते. त्याच उंदराला रेणू नसलेले बुडबुडे देऊन तुलनाही करतात.

उंदरात जमले, म्हणजे माणसात जमेल?

तसे नाही. उंदरात रोपलेली गाठ झपाट्याने वाढते. शिवाय अनेक प्रयोगांत रेणू जोडायला वापरलेले स्ट्रेप्टाव्हिडिन माणसाची प्रतिकारशक्ती चेतवू शकते. 'बीआर-५५' या बुडबुड्यांत ते टाळले आहे. स्तन किंवा अंडाशयात गाठ असलेल्या ४५ महिलांवरील त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना ते सोसले. तरीही ही रोजची तपासणी झालेली नाही. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल, तर ती टाळू नका.