कॅमेऱ्यांचें दप्तर

दुकानाच्या छतास कॅमेरे लागले कीं मालक निर्धास्त होतो. पण कॅमेरा केवळ पाहतो. पाहिलेलें जपून ठेवण्याचें काम दुसऱ्या यंत्राचें, आणि त्यास सर्व्हर म्हणतात. कॅमेऱ्यांच्या बाबतींत चोखंदळ असणारा व्यापारी सर्व्हर मात्र विक्रेता देईल तो मुकाट्यानें घेतो. चोरीचा तपास पुष्कळदां येथेंच अडतो.

सराफाचें एखादें दुकान घ्यावें. मालाची मोजदाद महिन्यांतून एकदां होते. पहिल्या आठवड्यांत नाहींशी झालेली बांगडी मोजदादीच्या दिवशीं उमगणार, आणि वह्यांशीं ताळा पाहण्यांत आणखी आठ-दहा दिवस जाणार. सर्व्हरमधील जागा संपली म्हणजे जुनें चित्रण पुसून त्यावर नवें लिहिलें जातें. तेव्हां १५ दिवसांचें चित्रण ठेवणारें यंत्र अशा दुकानांत असून नसल्यासारखें. ४५ दिवसांची सोय हवी.

एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट, चित्रण पाठवितो असें धरलें, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४३.२ गिगाबाइट होतात. १६ कॅमेऱ्यांचे दिवसाला ६९१ गिगाबाइट, व ४५ दिवसांचे सुमारे ३१ टेराबाइट. २०१३ सालीं प्रमाणित झालेल्या एच.२६५ या संक्षेप-पद्धतीनें, २००३ सालच्या एच.२६४ पेक्षां जवळजवळ निम्म्या जागेंत तितकेंच स्पष्ट चित्र मावूं शकतें. मात्र ती पद्धत कॅमेरा व सर्व्हर या दोघांसहि यावी लागते.

कचेरींतील सर्व्हर बहुधा वाचतो अधिक, लिहितो कमी. हा अहोरात्र लिहितो, आणि त्याचें लिहिलेलें क्वचितच कोणी वाचतें. म्हणून घरगुती संगणकाची हार्ड डिस्क येथें टिकत नाहीं. अखंड लेखनासाठीं बनविलेल्या तबकड्याच घ्याव्या. उलट १६ कॅमेऱ्यांचा प्रवाह मिळून सेकंदाला अवघा ८ मेगाबाइट. चेहरे किंवा गाड्यांचे क्रमांक ओळखावयाचे नसतील, तर त्याला बलाढ्य प्रोसेसर लागत नाहीं. तरीहि प्रोसेसरवर पैसा ओतून तबकड्यांत काटकसर करणारे पुष्कळ!

तबकडी आज ना उद्यां बिघडणारच. त्यावरील तोड १९८८ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं 'रेड' या नांवानें मांडली: मजकूर अनेक तबकड्यांवर वांटावा व जोडीला पडताळ्याची नोंदहि ठेवावी. रेड-६ या प्रकारांत दोन तबकड्या एकदम गेल्या तरी चित्रण शाबूत राहतें. ८ टेराबाइटच्या ७ तबकड्या घेतल्या, तर दोहोंची जागा पडताळ्यास जाऊन ४० टेराबाइट उरतात. ३१ ची गरज असतां हें प्रमाण योग्य. चित्रण नोंदविणाऱ्या स्वस्त तयार पेट्यांत बहुधा एक-दोन तबकड्यांचीच जागा असते. लहान किराणा दुकानास त्या पुरतात, सराफास नाहीं.

सर्व्हर गल्ल्याशेजारीं ठेवूं नये. चोर जातांना तोच उचलून नेतो. कुलूपबंद, हवेशीर खोली व वीज गेल्यास बॅटरीचा आधार असावा. आणि सर्व कॅमेऱ्यांचें व सर्व्हरचें घड्याळ एकच असावें. नाहींतर गल्ल्यावरील पावतीची वेळ व पडद्यावर दिसणारा हात यांची सांगड लागत नाहीं.