चिखलांत रुतलेल्या वाहनासाठीं विंच कशी निवडावी

गोदाकाठच्या आपल्या सोनपेठ भागांत काळी, भारी जमीन पुष्कळ आहे. या मातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले कीं पांदण रस्ता वरून घट्ट दिसला तरी त्यावर चाक जातांच तें आंत बसतें, माती टायरच्या खांचांत भरते आणि चाक नुसतें जागीं फिरूं लागतें. पूर्वीं बैलगाडी रुतली म्हणजे शेजाऱ्याची बैलजोडी पुढें जुंपून काम भागत असे. आतां जीप, पिकअप व ट्रॅक्टर यांचीं वजनें टनांत मोजावीं लागतात. म्हणून वाहनास विंच बसवावी काय, व बसवावयाची तर कोणती, याचा विचार येथें केला आहे.

विंच हें कांहीं अपूर्व यंत्र नव्हे. विहिरीवरील रहाटाचेंच तें बळकट रूप होय. एका रुळावर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. विजेची मोटार दांतेरी चक्रांच्या साह्यानें तो रूळ सावकाश फिरविते. दोराचें टोंक एखाद्या स्थिर वस्तूस बांधलें म्हणजे वाहन त्या वस्तूकडे ओढलें जातें.

ताकदीचा हिशेब

वाहनाच्या नोंदणीपुस्तकांत भारासह एकूण वजन दिलेलें असतें. त्याच्या दीडपट ताकदीची विंच घ्यावी, असा सर्वमान्य नियम आहे. भारासह ३ टन वजनाच्या पिकअपला ४.५ टन ओढणारी विंच हवी. बाजारांत विंचेचे आंकडे बहुधा पौंडांत असतात. ९,५०० पौंड म्हणजे सुमारें ४,३०० किलो व १२,००० पौंड म्हणजे सुमारें ५,४४० किलो. अर्थात् या वाहनास दुसरी विंच योग्य ठरेल.

पण पाटीवरील आंकडा जसाच्या तसा हातीं येत नाहीं. सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्रांतून पोटखराब वजा केल्यावरच लागवडीचें क्षेत्र कळतें, तसेंच हें आहे. पाटीवरील ताकद रुळावर दोराचा एकच थर असतांना मिळते. जसजसे थर वाढतात तसतसा रूळ जाड होऊन ओढ कमी पडते. चौथ्या थरावर ती सुमारें दोनतृतीयांशच उरते. म्हणजे ४,३०० किलोची विंच तेथें २,९०० किलोच्या आसपासच ओढील. यास्तव शक्य तितका दोर सोडून ओढावें; मात्र रुळावर तारेचे निदान पांच वेढे शिल्लक ठेवावे, नाहींतर दोराचें टोंक निसटेल.

किती रुतलें यावरही हिशेब अवलंबून आहे. लष्करी वाहनें सोडविण्याचा आडाखा असा कीं, चाकें रुतलीं असतां वाहनाच्या वजनाइतकी, मडगार्डापर्यंत रुतल्यास दुप्पट, व त्याहून वर टपाकडे चिखल पोंचल्यास तिप्पट ओढ लागते. म्हणून प्रथम माल उतरवावा व चाकांपुढील चिखल फावड्यानें काढावा. या दोन कामांस पैसा लागत नाहीं आणि विंचेचें निम्में ओझें त्यांनींच हलकें होतें.

ओढ कमी पडल्यास कप्पी वापरावी. दोर कप्पींतून फिरवून परत वाहनास बांधला म्हणजे ओढ जवळजवळ दुप्पट होते व वेग निम्मा होतो. परंतु कप्पी ज्या वस्तूस बांधली तिच्यावरही तितकाच दुप्पट ताण येतो, हें विसरूं नये.

दोर आणि वीज

पोलादी तार घांसण्यास टिकाऊ व स्वस्त असते. पण ती जड असून गंजते, व तुटलेल्या तारा हातांत शिरतात. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असून तुटल्यास कमी उसळतो. मात्र ऊन, उष्णता व चिखलांतील वाळू यांनीं तो लवकर झिजतो. काम झाल्यावर तो धुवून वाळवावा. असा दोर घेतल्यास त्याचा मार्ग गुळगुळीत असावा. जुन्या तारेनें खरवडलेल्या रोलरांवर तो घालूं नये.

मोठ्या ओढीच्या वेळीं १२ व्होल्टची विंच ४०० अँपियरच्या आसपास प्रवाह खाते. म्हणून बॅटरी चांगली असावी, इंजिन चालू ठेवावें व थोडें थोडें ओढून मोटार निवूं द्यावी.

बांधावयाचें कशास?

काळ्या रानांत मोठें झाड जवळ असेलच असें नाहीं. असल्यास त्याच्या बुंध्यास रुंद पट्टा लावावा. साखळीनें साल कापली जाते. विजेचा खांब व बोअरचा पाईप यांस कधींही बांधूं नये. झाड नसल्यास पलीकडे कठीण जमिनीवर दुसरा ट्रॅक्टर उभा करावा, किंवा जादा चाक खोल खड्ड्यांत आडवें पुरून त्यास बांधावें.

ट्रॅक्टरनें प्रत्यक्ष ओढावयाचें असेल तर साखळी खालच्या ओढपट्टीसच लावावी. मागील आंसाच्या वर बांधल्यास पुढील चाकें उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडतो. हा अपघात इतक्या झटपट होतो कीं उडी मारण्यास अवधि मिळत नाहीं. ओढतांना दोराच्या सरळ रेषेंत कोणी उभें राहूं नये, मुलांस दूर पाठवावें, दोरावर ओलें पोतें टाकावें व कातडी हातमोजे घालावे.

घ्यावी कीं नाहीं?

वर्षांतून दोनतीनदांच वाहन रुतत असेल, तर हातानें चालविण्याची तारेची ओढयंत्रें स्वस्त व पुरेशीं आहेत. चार शेजाऱ्यांनीं मिळून एक घ्यावें. रोज कच्च्या वाटेनें माल नेणाऱ्यानेंच विजेच्या विंचेचा खर्च करावा. बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नें वाहनांतील फेरफारांवर बंधनें घातलीं आहेत, व पुढें लावावयाच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करावी असें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें होतें.

यंत्र कोणतेंही असो, पाऊस लागण्यापूर्वीं एकदां कोरड्या जमिनीवर दोर पूर्ण सोडून, तपासून, ताणावर पुन्हां गुंडाळून ठेवावा. रुतलेलें वाहन उद्यां काढतां येतें. घाईनें गेलेला जीव परत येत नाहीं.