हृदयाची झडप आणि मेंदूतील वादळ : तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे कार्य

हृदय आणि मेंदू या दोन अवयवांचे आजार म्हटले की सर्वसामान्य कुटुंबाच्या पोटात गोळा उभा राहतो. उपचार महाग, रुग्णालय दूर आणि शस्त्रक्रियेची धास्ती, अशी ही तिहेरी चिंता असते. या दोन्ही क्षेत्रांत आपल्याच देशातील एका शिक्षणसंस्थेने मोलाचे काम केले आहे. त्या कार्याची ओळख वाचकांना व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

संस्थेची स्थापना

केरळची राजधानी तिरुवनंतपुरम येथे त्रावणकोरच्या राजघराण्याने एक बहुमजली इमारत बांधून १९७३ साली ती जनतेसाठी राज्य सरकारच्या स्वाधीन केली. १९७६ मध्ये तेथे रुग्णसेवा सुरू झाली. हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांच्याकडे संस्थेची धुरा आली. १९८० साली संसदेने कायदा करून ‘श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थे’ला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. येथे हृदय व मेंदू या विषयांतील उच्च शिक्षण दिले जाते. डॉक्टर आणि अभियंते एकाच संस्थेत खांद्याला खांदा लावून काम करतात, हे तिचे खास वैशिष्ट्य होय.

झडपेची कथा

आपल्या हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने वाहावे, मागे फिरू नये, हे त्यांचे काम. बालपणी ‘स्ट्रेप्टोकोकस’ जंतूंमुळे घसा सुजतो. त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ‘ऱ्हुमॅटिक’ ताप येतो. सांधे सुजतात, दुखतात, पुढे बरेही होतात. परंतु हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. झडप आकसते किंवा गळू लागते. ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागते, आणि स्त्रियांना तर गरोदरपणात जिवावरचे संकट ओढवते. दाटीवाटीच्या वस्तीत व गरिबीत हा आजार अधिक आढळतो.

खराब झालेली झडप बदलायची, तर पूर्वी परदेशी झडप विकत घ्यावी लागे. तिची किंमत गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप तयार करण्याचा ध्यास घेतला. हे काम सोपे नव्हते. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते. म्हणजे झडपेला वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडझाप करावी लागते. त्यात ती झिजता कामा नये, तुटता कामा नये आणि तिच्यावर रक्ताची गुठळीही धरता कामा नये. पहिली तीन प्रारूपे अपयशी ठरली. एका प्रारूपातील कृत्रिम नीलमण्याची चकती तर प्राण्यावरील चाचणीत तुटली. तरीही संशोधकांनी माघार घेतली नाही. चौथ्या प्रारूपात कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तिरपी होणारी चकती आणि हृदयाला शिवण्यासाठी पॉलिएस्टरचे कडे वापरण्यात आले. यंत्रावरील आणि मेंढ्यांवरील चाचण्यांत ते उतरले. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. पुढे ‘टीटीके-चित्रा’ या नावाने तिचे उत्पादन सुरू झाले. आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत. डॉ. वलियाथन २०२४ साली निवर्तले. त्यांची झडप मात्र असंख्य हृदयांत अजून धडधडते आहे.

येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. धातूची झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणे घातक ठरते. गोळी चालू असताना गर्भधारणेचा विचार असेल, तर डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

अपस्मार : शाप नव्हे, आजार

मेंदूच्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. या संदेशांत अचानक वादळ उठले की फिट येते. यालाच आपण अपस्मार, फेफरे किंवा मिरगी म्हणतो. दहापैकी सुमारे सात रुग्णांचा आजार औषधांनी आटोक्यात येतो. उरलेल्यांचे काय? योग्य अशी दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९९५ साली अशा शस्त्रक्रियांचा सर्वंकष कार्यक्रम सुरू झाला. एमआरआय आणि दृश्यचित्रणासह मेंदूचा विद्युत आलेख यांच्या साहाय्याने फिटचे उगमस्थान शोधले जाते. त्या भागाला हात लावल्यास वाचा, स्मृती किंवा हालचाल यांना धक्का बसेल का, हे पारखले जाते आणि मगच तो काढला जातो. कानशिलामागील भागातून उद्भवणाऱ्या अपस्मारात योग्य निवड झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या फिट थांबतात.

दुर्दैवाने या आजाराभोवती अज्ञानाचे जाळे आहे. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. असे काहीही करू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, आसपासच्या टणक वस्तू दूर साराव्यात. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे. विवाह जमविताना मुलीचा आजार लपविला जातो, मग लग्नानंतर भीतीपोटी गोळ्या बंद होतात आणि आजार उसळतो. १९९९ साली हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा या दोहोंतून अपस्माराचा अडसर संसदेने काढून टाकला. कायद्याने जे केले, ते आपल्या मनांनीही करायला हवे.

आपल्या हाती काय आहे?

मोठे संशोधन दूरच्या संस्थेत होते, पण प्रतिबंधाची सुरुवात घरातच होते. मुलाचा घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे आणि प्रतिजैविकांचा कोर्स दिल्यास तो पूर्ण करावा. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवू नये. आपल्या धर्मग्रामात कोणाला फिट येत असेल, तर कुजबुज न करता त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चार दशकांपूर्वी काही माणसांनी तीनदा अपयश पचवून चौथ्यांदा प्रयत्न केला, म्हणून आज अनेक घरांतील दिवा तेवत आहे. तो विझू न देण्याची थोडी जबाबदारी आपणही उचलू या.