यादी झाली आहे ना, मग पुन्हा कशाला?

"कायले पुन्हा यादी करता जी? इंग्रजांनी सारं लिहून ठेवलं नाही का!"

नागपूरच्या महाल भागात झाडाझुडपांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. बडकस चौकात चहा पिताना पडतं, लग्नाच्या पंगतीत पडतं. ज्यांनी कधीकाळी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, ती मंडळीही हेच म्हणतात आणि वर "झाडं तीच, माती तीच" अशी पुस्ती जोडतात. जिल्ह्याच्या वनस्पतींची अद्ययावत सूची करणं म्हणजे जुन्या वहीची नक्कल काढणं, असा हा समज आहे. तो इतका घट्ट बसलाय की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी इंग्रजांनी नेमकं काय लिहिलं ते पाहू. जोसेफ डाल्टन हूकर यांचा 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' 1872 ते 1897 या काळात सात खंडांत निघाला. काम अफाट आहे, पण त्याचा आवाका हिमालयापासून सिलोनपर्यंत आणि पूर्वेला ब्रह्मदेश, मलायापर्यंतचा. अमुक वनस्पती नागपूर जिल्ह्यात आहे का, असं त्याला विचारलं तर बहुधा 'मध्य भारत' किंवा 'दख्खन' एवढंच मोघम उत्तर मिळतं.

मग कोणीतरी थिओडोर कुक यांचं नाव घेतं. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', 1901 ते 1908. महाराष्ट्रातल्या वनस्पतींसाठी आजही हा ग्रंथ उघडावा लागतो आणि पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांचं त्यावर बरंच भागतं. आपलं भागत नाही. कारण साधं आहे: नागपूर मुंबई इलाख्यात नव्हतंच. ते मध्य प्रांतात होतं. विदर्भ 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. कुकसाहेबांनी इलाख्याची हद्द पाळली, त्यात त्यांची काही चूक नाही. पण 'महाराष्ट्राचं सगळं कुकने करून ठेवलंय' असं नागपुरात बसून म्हणणाऱ्याने निदान जुना नकाशा तरी पाहावा.

मध्य प्रांतासाठी जे झालं त्यातली दोन कामं महत्त्वाची. आर. जे. डी. ग्रॅहॅम यांनी 1911 साली नागपूर आणि तेलंगखेडी इथल्या शेती-फार्मांवर आढळलेल्या रानवनस्पतींची यादी छापली. नीट लक्षात घ्या, दोन फार्म. जिल्हा नव्हे. दुसरं काम एच. एच. हेन्स यांचं, 1916 सालचं. मध्य प्रांताच्या दक्षिण वन-सर्कलमधली झाडं, झुडपं आणि 'आर्थिक उपयोगाच्या' लहान वनस्पती, असं शीर्षकातच लिहिलेलं आहे. हेन्स वन अधिकारी होते. ज्या गवताला किंवा तणाला बाजारभाव नाही, ते त्यांच्या शीर्षकातच बसत नव्हतं. आता कोणत्याही जिल्ह्याची वनस्पतिसृष्टी काढून पाहा, गवतं, लव्हाळी आणि पावसाळी तणं वगळली तर मागे उरतं किती?

अख्ख्या नागपूर जिल्ह्याचा फ्लोरा पुस्तकरूपात आला तो 1986 साली. लेखक एन. आर. उगेमुगे, प्रकाशन नागपूरचंच. म्हणजे ज्या कामाचं श्रेय आपण उठसूट इंग्रजांना देतो, ते स्वातंत्र्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी आपल्या माणसाने केलं, आणि त्याचं नाव चहाच्या टपरीवर कोणालाच ठाऊक नसतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने राज्याचा फ्लोरा त्यानंतर काढला: एकदल वनस्पतींचा खंड 1996 साली, द्विदलांचे दोन खंड 2000 आणि 2001 साली.

इथे लगेच पुढचा प्रश्न येतो. बरं, 1986 मध्ये झालं ना? मग आता काय?

मतदार यादी दर निवडणुकीआधी दुरुस्त करतात. कोणी नव्याने राहायला येतं, कोणी जातं, कोणाचं नाव बदलतं, कोणाचं नाव दोनदा पडलेलं असतं. तिथे कोणी "एकदा केली होती ना" म्हणत नाही. वनस्पतींच्या यादीत हे चारही प्रकार घडतात.

पहिला प्रकार, नवे रहिवासी. ग्रॅहॅम यांच्या काळात नागपूरच्या शेतात गाजर गवताचा त्रास नव्हता. या तणाची भारतातली दखल आर. एस. राव यांनी 1956 साली पुण्याहून घेतली आणि पुढे ते देशभर माजलं. इथेही एक उपसमज चिकटलेला आहे: हे 'काँग्रेस गवत' अमेरिकी गव्हाच्या पोत्यांतून पहिल्यांदा आलं. ते पसरलं त्या सुमारास हे खरं, पण पहिल्यांदा तेव्हा आलं हे चूक. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या 1814 सालच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या कलकत्त्याच्या बागेच्या सूचीत त्याचं नाव आहे. तारीख घातलेली जुनी यादी हाताशी होती म्हणून हे कळलं. एरवी गव्हाच्या पोत्याची गोष्टच इतिहास म्हणून चालली असती.

दुसरा प्रकार, जाणारे. 1986 नंतर जिल्ह्याची जमीनच किती बदलली ते मोजा. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली आणि कुही तालुक्यातले नदीकाठ पाण्याखाली गेले. शहर मिहान आणि बाह्य वळणरस्त्यापर्यंत सुटलं. हिंगण्याजवळच्या शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग निघाला, त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. धरण आणि रस्ता हवा की नको हा वाद वेगळा. त्या जागी आधी काय उगवत होतं, हे लिहिलेलंच नसेल तर काय गेलं ते सांगणार कोण?

तिसरा प्रकार, नावबदल. याच्यावर लोक सर्वांत जास्त हसतात. शास्त्रज्ञांना दुसरं काम नाही म्हणून ते नावं बदलत बसतात, असा टोमणा ठरलेला. बाभळीचंच घ्या. आपण शाळेत 'अकेशिया निलोटिका' पाठ केलं. अकेशिया ही एवढी मोठी प्रजाती प्रत्यक्षात वेगवेगळ्या कुळशाखांचं कडबोळं आहे, हे अभ्यासातून दिसलं. ती फोडायची ठरली तेव्हा मूळ नाव कोणाकडे राहावं यावर जगभर भांडण झालं. 2005 साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाकडे गेलं आणि 2011 साली मेलबर्नला तेच कायम झालं. आपली बाभूळ आता 'वाचेलिया निलोटिका' आणि खैर 'सेनेगालिया कॅटेचू'. धावड्याचं 'अ‍ॅनोजिसस लॅटिफोलिया' होतं, ते 2017 साली 'टर्मिनॅलिया अ‍ॅनोजिसियाना' झालं, कारण तो आता अर्जुन आणि ऐनाच्या प्रजातीत मोडतो. सागवान पूर्वी निर्गुडीसोबत व्हर्बिनेसी कुळात होता, आता दोघेही लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या कुळात आहेत.

जुन्या पुस्तकांत पळस 'ब्यूटिया फ्रॉन्डोसा' आहे, नव्यांत 'ब्यूटिया मोनोस्पर्मा'. मोह तिथे 'बॅसिया लॅटिफोलिया', इथे 'मधुका'. ज्याला हे ठाऊक नाही तो जुनी-नवी यादी एकत्र करून पळस दोनदा मोजतो, मोह दोनदा मोजतो आणि जिल्ह्याची समृद्धी वाढवून मोकळा होतो. अद्ययावत सूचीचं अर्धं काम हेच असतं: कुठलं नाव कुठल्या नावात मिळतं ते तपासणं. हे कंटाळवाणं आहे, पण याशिवाय जुन्या नोंदी आजच्या माणसाला वाचताच येत नाहीत.

चौथा प्रकार, चुकीच्या नोंदी. कोणी एका वनस्पतीला भलतंच नाव दिलं, पुढच्याने ते तसंच उतरवलं, तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला. अशी चूक पकडायची तर मूळ वाळवलेला नमुना काढून पाहावा लागतो. नुसतं छापील नाव तिथे कामाचं नाही.

म्हणून सूचीतला आकडा वाढला की "झाडं वाढली" आणि घटला की "झाडं मेली" अशा बातम्या देऊ नयेत. नावं एकत्र केल्याने आकडा घटतो, एका जातीच्या दोन केल्याने वाढतो, कुंडीतल्या शोभेच्या झाडांना वगळलं तर पुन्हा घटतो. आणि सापडली नाही म्हणजे नामशेष झाली, असंही नाही. कळलावी, काळी मुसळी अशा कंदवर्गी वनस्पती पहिल्या पावसानंतर वर येतात, फुलतात आणि जमिनीत परत जातात. मार्चमध्ये फेरी मारून "इथे काही नाही" लिहिणारा त्यांच्या डोक्यावरून चालत गेलेला असतो. म्हणूनच एकच जागा सगळ्या ऋतूंत पाहावी लागते आणि सूचीला वर्षं लागतात.

आता बाकीचे समज. हे लहान आहेत, पण तितकेच चिवट.

गैरसमज: महापालिकेची वृक्षगणना होते, तीच वनस्पतींची यादी.
वस्तुस्थिती: 1975 च्या कायद्यानुसार शहरात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तिच्यात झाडांची डोकी मोजतात. गवत, वेल, नेचे, शेवाळ तिच्यात येत नाहीत. सूचीत डोकी मोजत नाहीत, जाती नोंदवतात.

गैरसमज: मोबाइलने फोटो काढला की नाव कळतं, तज्ज्ञ कशाला?
वस्तुस्थिती: बहावा, पांगारा, गुलमोहर ओळखायला अ‍ॅप चांगलं आहे. गवताचं कणीस किंवा लव्हाळ्याचं बी भिंगाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. तिथे अ‍ॅप जे सांगतं तो अंदाज असतो, ओळख नव्हे.

गैरसमज: हर्बेरियम म्हणजे वाळक्या पानांची रद्दी.
वस्तुस्थिती: त्या कागदावर फूल-फळासह नमुना असतो आणि चिठ्ठीवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. शंभर वर्षांनंतरही तो पुन्हा तपासता येतो, कित्येकदा त्यातून डीएनएही काढता येतो. नमुना नसलेली नोंद ही ऐकीव बातमी.

गैरसमज: रानात आपोआप उगवतं ते देशी.
वस्तुस्थिती: टणटणी, रानतुळस, पिवळा धोत्रा आणि जखमेवर चोळतात तो दगडी पाला, ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. सुबाभूळही तिथलीच. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे.

गैरसमज: मराठी नाव सांगितलं की पुरे.
वस्तुस्थिती: 'ब्राह्मी' म्हणून दोन आणि 'शंखपुष्पी' म्हणून निदान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पानं सर्रास हातात पडतात. लोकनावं सूचीत हवीतच, पण शास्त्रीय नावाच्या शेजारी.

गैरसमज: शहरात काय उरलंय, वनस्पती पाहायच्या तर पेंचला जा.
वस्तुस्थिती: महालातल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींत पिंपळ, उंबर आणि नेचे रुजलेले आहेत. शुक्रवारी तलावाचा काठ, नाग नदीचे उतार, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा या सगळ्या नोंदीच्या जागा आहेत. नवं तण जिल्ह्यात शिरतं तेही बहुधा शहरातून, रस्त्याच्या कडेने आणि रोपवाटिकांच्या मातीतून.

गैरसमज: ही अभ्यासकांची हौस, सामान्य माणसाला उपयोग शून्य.
वस्तुस्थिती: 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदतही दिली होती. ही नोंदवही कशाच्या आधारे भरायची? प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात 'येथे विशेष वनस्पती नाहीत' असं कोणी लिहिलं, तर ते खोडून काढायचं कशाच्या जोरावर?

तेव्हा वाचकांनो, पुढच्या वेळी कोणी "इंग्रजांनी सारं लिहून ठेवलं" म्हणालं, तर त्याला 1911 सालचे दोन फार्म आणि 1916 सालची ती झाडा-झुडपांची यादी सांगा. आणि स्वतः एवढं करा. पावसाळ्यात अंगणात, धुऱ्यावर किंवा भिंतीत अनोळखी रोप दिसलं तर उपटण्याआधी त्याच्या फुलाचा, पानाचा आणि पूर्ण रोपाचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना त्याचं नाव विचारून तेही टिपून ठेवा. उपटायचं असेल तर नंतर उपटा, पण आधी नोंद करा.