प्रिंटर घ्यायचाय? आधी पानं मोजा!

एक साधा प्रश्न. गेल्या सेमिस्टरला तुम्ही एकूण किती पानं प्रिंट केलीत? मोबाईलचं रिचार्ज कधी संपतंय ते झोपेतून उठवलं तरी सांगाल, पण पानांचा आकडा कुणालाच माहीत नसतो. आज दहा रुपये, उद्या चाळीस, सबमिशनच्या आदल्या दिवशी एकदम दीडशे. पैसे असे सुटे सुटे जातात, म्हणून हिशेब राहत नाही. मग एखाद्या रात्री प्रोजेक्टची फाइल तयार असते, झेरॉक्सच्या दुकानाचं शटर पडलेलं असतं आणि डोक्यात येतं, यार, आपलाच एक प्रिंटर असता तर?

विचार वाईट नाही. नवीन शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिपचा अहवाल असं काही ना काही छापून देणं वाढलंच आहे. त्यात महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी लागणारे कागद, परीक्षेचं हॉलतिकीट, पोलीस भरती किंवा एमपीएससी करत असाल तर सराव पेपर. पण ज्याचा महिन्याचा खर्च घरच्या धानाच्या पैशातून येतो, त्याच्यासाठी प्रिंटर म्हणजे दोन-तीन महिन्यांची खोली आणि मेस. म्हणून दुकानात जायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर थोडं गणित करू.

सेल लागला की ऑनलाइन तीन-चार हजारांत कलर प्रिंटर दिसतो. स्कॅन, कॉपी, वाय-फाय, सगळं आहे. एवढ्यात कसं परवडतं कंपनीला? सोपं आहे, कंपनी प्रिंटरवर कमावतच नाही. ती कमावते शाईवर. उदाहरण घ्या, एचपीचं ८०५ नंबरचं काळं कार्ट्रिज. कंपनीच्याच आकड्यानुसार त्यात साधारण १२० पानं निघतात. कार्ट्रिज ८०० रुपयांना मिळालं असं धरलं तर एका पानाची नुसती शाई साडेसहा रुपयांच्या वर जाते. कागद वेगळा. समोरचा झेरॉक्सवाला तेच पान दोन-तीन रुपयांत काढून देतोय! म्हणजे हा स्वस्त प्रिंटर कधीच वसूल होत नाही, उलट प्रत्येक पानाला तुमचा तोटा वाढत जातो. शिवाय काही प्रिंटरच्या डब्यात येणारं पहिलं कार्ट्रिज कमी शाईचं असतं. ते महिनाभरात संपतं आणि मग प्रिंटर टेबलावर झाकून ठेवलेला दिसतो. असे झाकलेले प्रिंटर तुम्हीही कुणाच्या तरी घरी पाहिले असतीलच.

रिफिल करू की, असं कुणीतरी म्हणेल. होतं, काही वेळा. पण या छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई सोडणारं हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. दोन-चार रिफिलनंतर रेघा यायला लागतात. काही मॉडेलमध्ये चिप असते आणि प्रिंटर बाहेरचं कार्ट्रिज ओळखायलाच नकार देतो. सप्टेंबर २०१६मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी एका दिवसात दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली होती, तेव्हा जगभर बोंब झाली होती.

यावर लोकांनीच तोड काढली आणि ती आपल्याला चांगलीच समजेल अशी आहे, कारण ती शुद्ध जुगाड होती. प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या ठेवायच्या, त्यातून बारीक नळ्या थेट कार्ट्रिजपर्यंत न्यायच्या. इंडोनेशियासारख्या देशांत दुकानदार सर्रास असे प्रिंटर करून विकायचे. शेवटी एप्सन कंपनीनं तोच प्रकार स्वतः बनवला आणि २०१०मध्ये इंडोनेशियातच पहिला आणला. इंक टँक प्रिंटर म्हणतात तो हाच. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर सगळेच त्यात उतरले. इथे धंदा उलटा आहे. प्रिंटर महाग, शाई स्वस्त. एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलीची येते आणि कंपनी तिच्यात ४,५०० पानं सांगते. बाटली ४०० रुपयांना धरली तरी पानाची शाई नऊ पैसे.

आता गंमत बघा. ५०० कागदांची रिम ३०० रुपयांना धरली तर एक कागद पडतो ६० पैशांना. म्हणजे इंक टँक घेतल्यावर शाईपेक्षा कागद महाग! त्यामुळे तिथे सगळ्यात मोठी बचत शाईत नाही, कागदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. पाठपोट छापलं की कागदाचा खर्च अर्धा.

मग घ्यायचा का इंक टँक? थांबा. प्रिंटर १२ हजारांचा धरू. घरी एक पान साधारण ७० पैशांना पडतं, कागद धरून. दुकानात झेरॉक्स आणि मोबाईलवरून काढलेली प्रिंट मिळून सरासरी तीन रुपये धरा. तुमच्या कॉलेजसमोर दर वेगळा असेल तर तो टाका. प्रत्येक पानाला वाचतात दोन रुपये तीस पैसे. १२ हजारांना त्यानं भागा. उत्तर येतं सव्वापाच हजार पानं. इतकी पानं छापल्यावर प्रिंटर वसूल होतो, त्याच्या आधी नाही.

वर्षाला ६०० पानं लागणारा विद्यार्थी तीन वर्षांच्या डिग्रीत १,८०० पानं छापेल. दुकानात त्याचे ५,४०० रुपये होतील, स्वतःचा प्रिंटर घेतला तर १३ हजारांच्या वर. स्पष्टच सांगायचं तर एकट्यानं, शहरात खोली करून राहणाऱ्यानं, फक्त पैसे वाचवायला प्रिंटर घेऊ नये. दुकानाचं शटर पडायच्या आत फाइल तयार करणं हा जास्त स्वस्त उपाय आहे.

पण चार जण मिळून घेत असतील तर? सालेकसा, देवरी, आमगाव, अर्जुनी मोरगाव, कुठून कुठून मुलं-मुली गोंदियात येऊन एका खोलीत राहतात. चौघांची तीन वर्षांची पानं झाली ७,२००. दुकानात २१,६०० रुपये. इंक टँकवर प्रिंटरसकट सुमारे १७ हजार आणि सगळं पाठपोट छापलं तर १५ हजारांच्या आत. माणशी दीड हजार वाचले आणि शेवटी प्रिंटर हातात उरला, तो विकता येतो. एकच गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा. कोण किती पानं काढतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं आणि पानामागे एक रुपया डब्यात टाकायचा. मैत्री शाईवरून तुटू शकते, हसू नका.

तिसरा पर्याय जुना लेझर. झेरॉक्सच्या दुकानांत, सेतू केंद्रात तो कॅननचा छोटा, पांढरट प्रिंटर बघितलाय ना? एलबीपी २९०० त्याचं नाव. त्याचं ३०३ नंबरचं टोनर कार्ट्रिज आणि एचपीच्या लेझरजेट १०२०चं १२ए हे जवळपास जुळे भाऊ आहेत, कारण एचपीच्या लेझर प्रिंटरच्या आतली यंत्रणा १९८४पासून बऱ्याचदा कॅननच बनवत आलीय. दोन्हीत २,००० पानं निघतात असा कंपन्यांचा हिशेब. रिफिल करणारा जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. चांगल्या स्थितीतला जुना लेझर सहा हजारांना मिळाला आणि रिफिल पानामागे वीस पैशांना पडलं, तर पावणेतीन हजार पानांत तो वसूल होतो. इंक टँकच्या जवळपास अर्ध्यात. महिनाभर बंद राहिला तरी शाई सुकायची भीती नाही, कारण आत शाईच नसते, पूड असते.

मात्र त्याच्या अटी आहेत. रंगीत निघत नाही, स्कॅन होत नाही. आणि एलबीपी २९०० मोबाईलवरून चालत नाही, त्याला कॉम्प्युटर लागतोच. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं सगळं कॉलेज मोबाईलवरच चालतं, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही. मोबाईलवरूनच छापायचं असेल तर वाय-फाय असलेलंच मॉडेल बघा आणि त्यात वाय-फाय डायरेक्ट आहे का हे विचारा. ते असलं की राउटर नसला तरी मोबाईल थेट प्रिंटरला जोडता येतो. हजार रुपये वाचवायला बिनवायफायचा इंक टँक घेतला तर दर वेळी कुणाचा तरी लॅपटॉप मागत फिरावं लागेल.

वीजही बघायला हवी. लेझर प्रिंटर पूड कागदावर भाजून चिकटवतो, त्यासाठी आतला रोलर तापवायला एकदम काहीशे वॅट ओढतो. घरच्या छोट्या यूपीएसवर तो लावायचा नाही. इंक टँकला छापताना साध्या एलईडी बल्बपेक्षा फार जास्त वीज लागत नाही, तो इन्व्हर्टरवर आरामात चालतो. गावाकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसेल तर निर्णय इथेच होतो.

आणि गावाकडचा हिशेबच मुळात वेगळा आहे. वरचं सगळं गणित समोर झेरॉक्सचं दुकान आहे असं धरून केलं. पण तुमचं गाव तालुक्यापासून बारा-पंधरा किलोमीटर असेल, तर एका पानाच्या प्रिंटला तीन रुपये लागत नाहीत. जाण्या-येण्याचं भाडं लागतं आणि अर्धा दिवस जातो. फॉर्म भरायची शेवटची तारीख असली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यात घरचे कागद धरा. आधारभूत केंद्रावर धान द्यायचं तर नोंदणीला सातबारा, आधार, पासबुकच्या प्रती लागतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून घरबसल्या डाउनलोड करता येतो, त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही, पण कागदावर तो उतरवायचा कुठे? अशा घरात, किंवा दहा-वीस पोरं बसतात त्या गावच्या अभ्यासिकेत, इंक टँक सव्वापाच हजार पानांची वाट न बघता वसूल होतो. वर्गणी काढून घ्यायची वस्तू असेल तर ती ही.

घेतलाच तर वापरायचा कसा, हे थोडक्यात. इंक टँक आठवड्यातून एकदा तरी चालवा, एक रंगीत पान काढा. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे, अंगणातल्या ओल्या चादरीसारखी हेडमधली शाई सुकते. मग हेड क्लीनिंग करावं लागतं आणि त्यात भरपूर शाई वाया जाते, तेही पुन्हापुन्हा करत बसलात तर जास्तच. प्रिंटर बंद करताना त्याचंच बटण दाबा, भिंतीवरचा स्विच नाही. बटणानं बंद केला की तो हेड झाकून ठेवतो. स्विच खटकन बंद केला तर हेड उघडंच राहतं.

छापताना सेटिंगमध्ये ड्राफ्ट आणि ग्रेस्केल निवडा, फायनल कॉपी सोडून. सरांच्या पीपीटी तर आहेतच, गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. ती जशीच्या तशी छापली की शाईचा निकाल. कंपनीचा पानांचा हिशेब साध्या मजकुराच्या पानावर असतो. टोनरच्या बाबतीत तर पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा होईल असं धरतात. गडद स्लाइड म्हणजे त्याच्या कितीतरी पट. पॉवरपॉइंटमध्ये छापताना शुद्ध काळं-पांढरं असा पर्याय आहे, तो निवडा आणि एका पानावर सहा स्लाइड बसवा.

मराठीतून प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मंगल फॉन्टमध्ये दोन ओळींत भरपूर जागा सुटते, त्यामुळे पानं फुगतात. तोच मजकूर कोकिळा फॉन्टमध्ये टाका. तो त्याच आकड्याला लहान दिसतो म्हणून पॉइंट वाढवा, तरीही पानं कमी होतात. अर्थात विभागानं फॉन्ट ठरवून दिला असेल तर वाद घालू नका. आणि फाइल दुसरीकडे छापायला नेणार असाल तर पीडीएफ करूनच न्या. नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात आणि दहा पानं वाया गेल्यावर ते लक्षात येतं.

घ्यायच्या आधी दुकानात किंवा ऑनलाइन एक प्रश्न नक्की विचारा. बिघडला तर दुरुस्ती कुठे? वॉरंटीत माणूस घरी येतो, की प्रिंटर पोत्यात बांधून नागपूरला न्यायचा? भरलेल्या टाक्यांचा इंक टँक ट्रेनमधून आडवा-तिडवा नेला तर शाई आत सांडते. मॉडेलचं नाव, बाटलीचा किंवा टोनरचा नंबर आणि त्याची आजची किंमत मोबाईलमध्ये लिहून ठेवा, भागाकार जागेवरच करा. पावसाळ्यात रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची. सर्दावलेला कागद आत गोळा होऊन अडकतो, आणि तो नेमका सबमिशनच्या रात्रीच अडकतो.