कारवीचा बहर आणि त्यावरील मधमाश्या

महाडहून वरंधा घाटाकडे अथवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना डोंगरउतारावर जे दाट, पुरुषभर उंचीचे झुडूप लागते, ते कारवी होय. कोकणात हे नाव फुलापेक्षा भिंतीशी अधिक निगडित आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून तो शेणमातीने लिंपण्याची रीत जुनी आहे. फूल क्वचितच दृष्टीस पडत असल्याने असे व्हावे, हे स्वाभाविकच.

कारवी ‘सात वर्षांनी’ फुलते, असे सर्वत्र म्हटले जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र ती २००८, २०१६ व २०२४ या साली बहरली. म्हणजे सात पावसाळे फुलांवाचून जातात आणि आठव्यात बहर येतो. लोकभाषेतील संख्या चुकीची ठरत नाही. ती केवळ रिकामी वर्षे मोजते. अर्थात सर्व डोंगरांवरील बहराचे वर्ष एकच असते असे नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळी, घंटाकृती फुले उमलतात. तळाशी असलेल्या मधुरसासाठी मधमाशी आत शिरते, तेव्हा पराग तिच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलापर्यंत जातात. निरीक्षकाने एकाच झुडपापाशी स्थिर बसावे व माशी कोणती, हे प्रथम ओळखावे. सातेरी ढोलीत अनेक समांतर पोळी बांधते; आग्या माशी कड्याला एकच विशाल पोळे उघड्यावर टांगते. तिचे नावच तिच्या दंशाचे वर्णन आहे, तेव्हा अंतर राखलेले बरे! माशी फुलात शिरते की नाही, हेही पाहावे. लांब नळीच्या फुलांना बाहेरून छिद्र पाडून रस चोरणारे भुंगे असतात. त्यांच्याकडून परागवहन घडत नाही.

सर्व झुडपे एकदमच का फुलतात? डॅनिएल जॅन्झेन यांनी १९७६ साली बांबूविषयी मांडलेली उपपत्ती येथेही लावता येते: बी एकाच वेळी इतके विपुल पडते की ते खाणारे प्राणी तृप्त होऊनही काही उरतेच.

कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बोंडे वाळून तडकतात, बी उडते आणि झुडूप मरते. कुडासाठी ती त्यानंतर तोडली, तर पुढची पिढी जमिनीत पडलेली असते. सहाव्या-सातव्या वर्षी सरसकट तोडली, तर त्या उतारावर बी पडतच नाही, आणि त्या पावसाळ्यात मधमाश्यांनाही तेथे काही मिळत नाही.