जुनी ओम्नी घेताना: किंमत एक, खर्च दुसरा

कोरेगावच्या पेठेत कापड, बांगड्या, भांडी, चपला यांचा धंदा करणारे अनेक बांधव आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावच्या बाजारात असतात. कधी रहिमतपूर, कधी पुसेगाव, कधी वाठार स्टेशन, तर कधी फलटण. एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकून जाण्याचे दिवस गेले. नवी गाडी प्रत्येकाला झेपत नाही आणि कर्जाचा बोजाही नको असतो. मग नजर जाते ती जुन्या व्हॅनकडे. आपल्या भागात जुनी व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा मारुतीची ओम्नीच.

ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली. १९८८ पासून तिला ओम्नी हे नाव मिळाले. २०१९ साली सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज जी ओम्नी विकायला येईल, ती कितीही चकचकीत असली तरी बरीच वापरलेली असणार. २०१० साली आलेली ईको आजही तयार होते. पण तीही जुनी घ्यायची असेल, तर खाली सांगितलेली बहुतेक तपासणी तिलाही लागू आहे.

आमचा तजुर्बा आधी सांगतो. आम्ही पहिली व्हॅन घेतली तेव्हा रंग पाहिला, टायर पाहिले, टेप वाजवून पाहिला. इंजिन मात्र पाहिले नाही. तिसऱ्याच आठवड्यात, ऐन लग्नसराईत, पुसेगावच्या बाजाराला निघालो असता वर्धनगडच्या घाटात काटा लाल पट्टीवर गेला. माथा जवळच आहे म्हणून आम्ही गाडी तशीच दामटली. हेड गॅसकेट जळाले, हेड वाकले. माल दुसऱ्याच्या टेम्पोत भरून परत आणला. बाजार बुडाला, मिस्त्रीचा खर्च झाला आणि सौद्यात वाचवलेली रक्कम त्या एका दिवसात गेली. दोष विकणाऱ्याचा होता, तसा आमचाही होता.

इंजिन थंड असताना पाहा

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मारुती ८०० च्या घराण्यातलेच हे इंजिन असल्याने बरेच सुटे भाग अजून सहज मिळतात आणि तालुक्याच्या मिस्त्रीलाही त्याचे काम ठाऊक असते. ही या गाडीची मोठी बरकत आहे.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला सांगा की आम्ही येईपर्यंत ती सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. मग सीट उचला. रेडिएटरचे झाकण काढून आत पाहा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधी चिकटा असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. गाडी सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. सकाळचा थोडा पांढरा वाफारा चालतो, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे.

हेड ॲल्युमिनियमचे असते, एकदा तापले की वाकते. म्हणून काटा वर चढला की गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पुरते थंड होईपर्यंत झाकण उघडू नका. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतणे म्हणजे खर्चाला आमंत्रण. टायमिंगचा पट्टा कधी बदलला त्याचे बिल नसेल, तर गाडी घेतल्याबरोबर तो बदलून घ्यावा. तो रस्त्यात तुटला की गाडी जागीच उभी राहते.

जुन्या ओम्नीला कार्बोरेटर आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. इंजिन आपल्या बैठकीखाली आणि मागे कापडाचे तागे, मग ठिणगी पडायला वेळ लागत नाही. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. ते पाइप आणि वायसर आधी बदलून घ्यावेत.

पत्रा, पाटे आणि ब्रेक

ओम्नीचा खरा शत्रू गंज. मागची मॅट उचलून फरशी पाहा. सरकत्या दाराची खालची पट्टी पाहा. तिच्यात चिखल साचतो आणि पत्रा सडतो. चाकांच्या कमानीत बोटाने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर रंगाखाली पुट्टी आहे. इंजिन दुरुस्त होते, सडलेला सांगाडा मात्र कितीही वेल्डिंग केले तरी पुन्हा सडतो. अशा गाडीचा सौदा सोडून द्यावा, हा आमचा स्पष्ट मशवरा.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. गाडी सुटताना खाली ‘टक’ असा आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस झिजला आहे. मागून हुंकारासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शियलकडे पाहावे लागेल. मागे पाटे असतात. गाडी रिकामी असूनही मागून बसलेली दिसली, तर आधीच्या मालकाने तिच्याकडून टेम्पोचे काम घेतले आहे असे समजा. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरू नका. आदर्कीच्या किंवा खंबाटकीच्या घाटात उतरताना खालचा गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. ब्रेक ऑइल जुने असेल तर घेतानाच बदला आणि मागच्या चाकांचे ड्रम उघडून आत गळती आहे का ते पाहा. या गाडीला पुढे बॉनेट नाही, चालकाचे पाय थेट पत्र्यामागे असतात. ब्रेकवर काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

कागद हाही गाडीचा भाग

आपल्यात जुन्या गाडीचा सौदा स्टॅम्पपेपरवर होतो आणि तिथेच थांबतो. ही मोठी चूक आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव असेल, तोच मालक मानला जाईल. म्हणजे गाडी विकून विसरलेल्या माणसावरही भरपाईची जबाबदारी येऊ शकते. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरून गाडी नावावर करून घ्यावी. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म लागतो. परराज्यातली गाडी असेल तर ना हरकत दाखल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

पहिली १५ वर्षे संपली की गाडीचे पुन्हा पासिंग करावे लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे. २० वर्षांवरील गाड्यांची फी २०२५ मध्ये आणखी वाढली. हा खर्च सौद्याआधी हिशेबात धरा. गॅसवर चालणारी गाडी असेल तर किटची नोंद पुस्तकात आहे का ते पाहा. घरगुती सिलिंडर जोडलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीची मागची सीट काढून धंद्याचा माल वाहिला, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी हरकत घेऊ शकते. धंद्यासाठीच गाडी हवी असेल तर मालवाहतुकीची नोंदणी असलेली गाडी शोधणे शहाणपणाचे.

हिशेब असा मांडा

समजा तुमच्याजवळ गाडीसाठी ८०,००० रुपये आहेत. मग ६०,००० च्या पुढची गाडी पाहू नका. उरलेले २०,००० पट्टा, पाइप, ब्रेक, बॅटरी आणि कागद यांसाठी बाजूला ठेवा. गाडी घेण्याआधी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या आणि त्याची मजुरी खुशीने द्या. आम्ही दुसऱ्या वेळी तसे केले. त्याने तीन गाड्या नापास केल्या, चौथी घ्यायला सांगितली. ती दिसायला साधी होती, रंग उडालेला होता, पण तिने आमचा एकही बाजार चुकवला नाही.

कपड्याचा ताग घेताना आपण तो उलगडून, उजेडात धरून, सूत मोजून घेतो. मग ज्या गाडीवर सारा धंदा चालणार, तिला नुसता वरचा रंग पाहून का घ्यावे?